माप आपलंच घ्यावं

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन. नाटकापेक्षा देवळामागच्या रंगपटातच माझा जीव जास्त रमायचा. प्रत्येक नट आपला रंग आपणच लावायचा. राणीचं काम करणारे एक काका दिवसा शेतात राबायचे. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात, पेटीला आरसा टेकवून ते भुवया रेखायचे, टोप बांधायचे, नऊवारीचा काष्टा घालायचे आणि उठून उभे राहायचे. तेव्हा सकाळी पाहिलेला शेतकरी मला त्यांच्यात सापडायचा नाही. एकदा मी त्यांच्या पदराला हात लावला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आधी पदर सांभाळूक शिक रे बाबू, रंग मागसून लाव."

आज मी ५४ वर्षांचा आहे. पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेब बघतो. लग्न झालंय, एक मुलगी आहे. महिन्यातून दोन-तीनदा मी साडी नेसतो, विग घालतो, बांगड्या भरतो. माझ्यासारख्याला क्रॉसड्रेसर म्हणतात. मी पुरुष आहे आणि पुरुष म्हणूनच जगतो. काही तास हा वेश केला की मन निवतं. ट्रान्स स्त्रियांची वाट वेगळी आहे, कारण त्यांच्यासाठी बाई असणं हा वेश नसतो. रंगमंचावर ड्रॅग करणाऱ्या कलावंतांचीही वाट वेगळी. माझ्या वाटेवर मला सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून तीस वर्षांत शिकलेलं इथे मांडतो.

१. केस घेण्याआधी डोकं मोजा

माझा पहिला विग १९९८ सालचा. नाटकाचं सामान मिळतं अशा दुकानातून घाईघाईत उचलला. कमरेपर्यंत लांब, काळाभोर आणि चकाकता. अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागलं आणि मान वळवली की तो मागे सरकायचा. दोष केसांचा नव्हता. बायकांचे विग साधारण २२ ते २२.५ इंच घेराच्या डोक्यासाठी बनतात, माझं डोकं साडेतेवीस इंच आहे. कपाळावर केस सुरू होतात तिथून टेप कानामागून मानेच्या खळगीपर्यंत न्यायची आणि गोल फिरवून परत कपाळावर आणायची. घेर २३ च्या वर गेला तर मोठ्या मापाची कॅप मागायची. विगखाली सुती टोपी घालायची, नाहीतर पुण्याच्या मे महिन्यात घाम डोळ्यांत उतरतो.

सिंथेटिक विग स्वस्त असतो आणि धुतल्यावरही आपली घडण सोडत नाही, पण उष्णता त्याला सोसत नाही. चहा ठेवताना गॅसच्या आचेनं माझ्या पुढच्या बटा आखडल्या, त्या पुन्हा सरळ झाल्या नाहीत. खऱ्या केसांचा विग कितीतरी महाग. तिरुपतीसारख्या देवस्थानांत भाविकांनी अर्पण केलेले, मग लिलावात विकले गेलेले केसही त्यात असतात. हे कळल्यापासून मी तो विग जपूनच हातात घेतो. कुठलाही विग टोकांकडून विंचरत वर जावं, गार पाण्यात सौम्य शाम्पूनं धुवावं, पिळू नये, स्टँडवर वाळवावं. सिंथेटिक केसांची चकाकी खटकत असेल तर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून झटकावी. भांगाच्या जागी कातडीच्या रंगाचा कॉम्पॅक्ट लावला की भांग खरा वाटतो.

२. केस वयाला शोभले पाहिजेत

माझी आई अंबाड्यात गंगावन घालायची. बाहेरचे केस आपल्या केसांत मिसळणं हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आईचं गंगावन तिच्या केसांत उठून दिसत नसे, कारण ते तिच्या केसांच्याच रंगाचं होतं आणि केस विरळ होत गेले तसं तिनं तेही लहान केलं. पंचेचाळिशीत मी विशीतल्या मुलीचे केस डोक्यावर ठेवत होतो. आरशात मला तिसरंच कुणी दिसायचं. आता खांद्यापर्यंतचा, कानाशी थोडे पांढरे केस असलेला विग वापरतो. तो घेतल्यापासून आरशात मला माझ्या मोठ्या बहिणीची ठेवण दिसते आणि मन शांत होतं.

३. ब्लाउजचा मुंढा सांगून घ्या

तयार ब्लाउज मला कधी बसला नाही. छातीला घेतला तर पाठीत ताणतो, पाठीला घेतला तर पुढे लोंबतो. सगळी अडचण खांद्याची आणि मुंढ्याची. पुरुषाचा खांदा रुंद आणि दंड जाड, म्हणून मुंढा खोल आणि सैल हवा. बोटनेक गळ्यानं खांदे आणखी रुंद दिसतात, व्ही गळ्यानं नजर खाली उतरते. बाही कोपरापर्यंत असली की दंड झाकला जातो.

पहिल्या शिंप्यानं माप घ्यायला नकार दिला आणि दुकानातल्या पोराला डोळ्यानं खुणावलं. पुढची तीन वर्षं मी कुठल्याही टेलरकडे गेलो नाही. मग एका म्हाताऱ्या लेडीज टेलरकडे धीर करून गेलो. त्यांनी विचारलं, "नाटकात काम करता का साहेब?" मी म्हणालो, "नाही काका, मला नेसायला आवडतं." त्यांनी टेप माझ्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाले, "मग मुंढा सैलच ठेवतो. हात वर केला तर उसवायला नको. अस्तर लावायचं?" आजवर ऐकलेल्या सगळ्या धीराच्या शब्दांत हा अस्तराचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

४. साडीचा पन्हा आणि आपली उंची

साडीचा पन्हा साधारण ४५ इंचांचा असतो. खोचण्यात त्यातले दोन-तीन इंच जातात. मी पाच फूट नऊ इंच आहे. परकर बेंबीवर बांधला की टाचा उघड्या पडतात आणि साडी आखूड दिसते. म्हणून उंच माणसानं परकर बेंबीखाली चार बोटं बांधावा आणि साडी कमी खोचावी. परकर आपल्या उंचीचा शिवून घ्यावा, तयार मिळतो तो आखूड पडतो.

पुरुषाची कंबर सरळ असते. जॉर्जेट अंगाला चिकटतं आणि ते सरळपण दाखवतं. खळ दिलेली सुती साडी, इरकल किंवा नारायणपेठ कमरेखाली फुगून राहते आणि अंगाला आपोआप आकार येतो. पदर खांद्यावर एका पिनेनं आणि निऱ्या आतून एका पिनेनं पक्क्या केल्या की चालताना हात सारखा साडीकडे जात नाही. दशावतारातल्या काकांनी सांगितलेलं पदर सांभाळणं म्हणजे हेच, हे मला चाळिशीत कळलं.

५. दाढीची निळाई नारिंगी रंगानं झाकते

गुळगुळीत दाढी केली तरी ओठावर आणि हनुवटीवर निळसर सावली उरते. तिच्यावर फाउंडेशनचे थर चढवले की चेहरा राखाडी दिसतो. निळ्याला मारतो तो नारिंगी. आधी नारिंगी करेक्टर बोटानं थापून लावायचा, पावडरनं बसवायचा आणि वर फाउंडेशनचा पातळ हात द्यायचा. दाढी रंग लावायच्या तासभर तरी आधी करावी, म्हणजे तोवर कातडीची आग शमलेली असते.

जुन्या रंगपटात मुरदाडशिंग आणि हिंगूळ असायचे. पहिल्यात शिसं असतं, दुसऱ्यात पारा. लोककलावंतांच्या पिढ्यांनी ते चेहऱ्याला लावले. परंपरा म्हणून कुणी दिले तरी लावू नका. आता निर्धोक रंग सहज मिळतात.

६. नाटकाचं निमित्त सांगू नका

ही शिकवण मला सगळ्यांत महाग पडली. पहिला विग घेताना दुकानदारानं विचारलं, "कुठलं नाटक?" मी तोंडाला आलं ते नाव सांगितलं. पुढे बांगड्या घेताना, साडीला फॉल लावताना, पार्सल आल्यावर, दर वेळी तेच. नाटक आहे, गॅदरिंग आहे, मित्राचं काम आहे.

आपल्याकडे हे निमित्त फार सहज खपतं, कारण स्त्रीवेशाचा मोठा वारसा आपल्यामागे आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतला झाले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. त्यांची साडी, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने बघून घरोघरच्या बायका तशी फॅशन करू लागल्या. त्याच १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. महाराष्ट्रानं या माणसांना जीव लावला. पण तो जीव पडदा पडेपर्यंतचा होता. बाई म्हणून मंचावर उभ्या राहिलेल्या पुरुषाला टाळ्या मिळाल्या. मंचाशिवाय, भूमिकेशिवाय, आवड म्हणून साडी नेसणाऱ्याला आपल्या भाषेत साधा शब्दही मिळाला नाही.

या वारशाचा मला आधार वाटतो. मात्र त्याच्याआड लपलो तेव्हा माझं नुकसानच झालं. प्रत्येक खोट्या नाटकानं मी स्वतःला सांगत राहिलो की खरं कारण बोलण्यासारखं नाही. टेलरकाकांशी मी पहिल्यांदा खरं बोललो आणि त्यांनी शिवलेला ब्लाउजच पहिल्यांदा नीट बसला.

७. बायकोला ते माळ्यावर सापडू देऊ नका

लग्न १९९७ चं. विग माळ्यावर एका जुन्या बॅगेत असायचा. २००९ च्या दिवाळीत साफसफाई करताना हिच्या हाताला तो लागला. बॅगेत साडी होती, लिपस्टिक होती. मी घरी आलो तर ती जमिनीवर बसली होती, विग मांडीवर. विचारलं एवढंच, "हे केस कुणाचे?" तिला वाटलं माझं बाहेर कुणी आहे. खरं सांगितलं तेव्हा तिला ते आणखी अवघड गेलं. तीन आठवडे आम्ही कामापुरतं बोललो. मग एका रात्री ती म्हणाली, "साडीचं मला नवल वाटलं, राग नाही आला. अकरा वर्षं माळ्यावर जागा केलीत, मला सांगायला जागा नाही मिळाली?"

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. लग्न ठरत असेल तर लग्नाआधी सांगा. झालं असेल तर स्वतःहून सांगा, आणि सांगितल्यावर समोरच्या माणसाला वेळ द्या, सगळं एका रात्रीत मान्य होईल अशी अपेक्षा करू नका. आमचं आता ठरलंय. तिच्या साड्यांना मी हात लावत नाही. पाहुणे असताना कपाट उघडत नाही. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितलं. मला पूर्ण वेशात बघायला बायकोला अजून जड जातं आणि तिचं ते जड जाणं मी मानतो. पण निऱ्या विस्कटल्या तर ती येऊन सारख्या करून देते.

८. फेकून देऊन सुटका होत नाही

नोकरी लागली तेव्हा सगळं कचऱ्यात टाकलं. लग्नाआधी पुन्हा टाकलं. २००९ नंतर तिसऱ्यांदा. दर वेळी शपथ घेतली की आता बस. दर वेळी काही महिन्यांत पुन्हा बाजारात उभा होतो आणि पहिल्यापेक्षा जास्त घाईनं, जास्त पैसे घालवून खरेदी करत होतो. माझ्यासारखे जे जे भेटले त्या बहुतेकांनी हेच सांगितलं. लाज वाटली की फेकायचं, ओढ वाटली की आणायचं. हे चक्र तोडायचं असेल तर थोडंच पण बेताचं ठेवा. दोन साड्या, दोन ब्लाउज, एक चांगला विग, एक चपलांचा जोड. बायकांच्या चपला मोठ्या मापात मिळणं कठीण, म्हणून कोल्हापुरी मापानं करून घ्या, तिला उंच टाच नसते आणि ती साडीखाली शोभते.

९. जागा बघून नेसा, आणि विचारलं तर खरं सांगा

पहिल्यांदा बाहेर पडताना एकटं जाऊ नका, ओळखपत्र जवळ ठेवा, परतीची सोय आधी करा. मंगळवारी सकाळी भाजी आणायला कुणी पैठणी नेसून जात नाही. लोकांची नजर आधी त्या विसंगतीवर जाते, माणसावर नंतर. साधं नेसलं तर बहुतेक लोक आपल्याच घाईत असतात. कुणी रोखून बघितलंच तर घाबरून पळू नका. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात आपली लैंगिक ओळख वेशातून व्यक्त करणं हा घटनेच्या १९ व्या कलमातल्या अभिव्यक्तीचा भाग मानला. तो निकाल तृतीयपंथी नागरिकांसाठी होता, त्यांनी तो झगडून मिळवला. त्याचा धीर माझ्यासारख्यालाही मिळाला, हे ऋण मी मानतो.

गेल्या वर्षी तुळशीबागेत मी पँट-शर्टातच होतो. बांगड्या विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुणासाठी? माप काय?" मी म्हणालो, "मलाच हव्यात." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग माझा हात हातात घेतला, बोटं एकत्र दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "दोन-बारा लागतील. हात सैल सोडा, आवळू नका." हिरव्या काचेच्या सहा बांगड्या त्यांनी एकही न फोडता भरल्या.

तुम्ही शिवत असाल, बांगड्या भरत असाल, केस विकत असाल, तर असा एखादा मुलगा कधीतरी तुमच्या दारात येईल. तो बऱ्याच दिवसांचा धीर गोळा करून आलेला असेल. त्याला हसू नका आणि नाटकाचं नाव विचारू नका. त्याचं माप घ्या.