प्रवाळासाठी दिवे लावताना

‘काय दिवे लावलेस?’ हा प्रश्न निकालाच्या दिवशी घरोघरी विचारला जातो. या लेखात मात्र खरोखरच दिवे लावायचे आहेत. खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, जिवंत प्रवाळासाठी. बाजारातला तयार दिवा महाग पडतो म्हणून अनेक हौशी लोक तो स्वतः बनवतात. मित्रांनो, आपल्या दृष्टीने यातली गंमत अशी की इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल या तिन्ही शाखांना त्या दोन फुटी टाकीवर एकत्र यावंच लागतं. प्रवाळ आणायचं कुठून, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

प्रकाश कोणासाठी?

प्रवाळ झाडासारखं दिसलं तरी तो प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल प्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. थोडक्यात, दिवा बंद म्हणजे मेस बंद!

समुद्राचं पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. निळा खोलवर जातो. त्यामुळे हे शैवाल निळ्या प्रकाशावर, साधारण ४३० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, उत्तम काम करतं. म्हणून आपण अर्धे एलईडी ४५० नॅनोमीटरचे ‘रॉयल ब्लू’ घ्यायचे आणि अर्धे पांढरे. पांढरा एलईडी म्हणजे तरी काय, निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी दाखवला नसता, तर यातलं काहीच शक्य झालं नसतं. त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

इथे एक सापळा आहे. प्रयोगशाळेतला लक्समीटर आणून टाकीवर धरू नका. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे, आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक दाद देतो. ४५० नॅनोमीटरला त्याची संवेदनशीलता जेमतेम ४ टक्के उरते. मीटर ‘अंधार’ म्हणेल आणि प्रवाळ मात्र भाजत असेल. दिवा आपल्या डोळ्यांसाठी नाही, हे कायम लक्षात ठेवायचं.

आकडेमोड

टाकी ६० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे सुमारे १२० लिटर धरू. तिच्यासाठी ३ वॅट वर्गातले २४ एलईडी पुरेत: १२ निळ्यांची एक माळ, १२ पांढऱ्यांची दुसरी. ७०० मिलिअँपिअरला प्रत्येक एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट पडतात. एका माळेला १२ × ३.२ = ३८.४ व्होल्ट, म्हणजे जवळपास २७ वॅट. दोन्ही मिळून ५४ वॅट.

एलईडीला ठरावीक व्होल्टेज देऊन भागत नाही. त्याचा व्होल्टेज-करंट आलेख घातांकी असतो. व्होल्टेज थोडं वाढलं तरी करंट उडी मारतो. शिवाय एलईडी तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं, म्हणजे त्याच व्होल्टेजला करंट आणखी वाढतो आणि तो आणखी तापतो. म्हणून प्रत्येक माळेला स्वतंत्र कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर हवा. ड्रायव्हरच्या आउटपुटच्या मर्यादेत ३८ व्होल्ट बसतात ना, आणि तो आयसोलेटेड आहे ना, हे दोन्ही बघून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली पालथी घालताना ही यादी खिशात असू द्या.

खरी परीक्षा उष्णतेची

५४ वॅटपैकी ६० टक्के, म्हणजे सुमारे ३२ वॅट, उष्णतेत जातात असं धरू. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असते. हीटसिंक ५५ अंशांच्या वर जाऊ नये असं ठरवलं, तर परवडणारा औष्णिक रोध = (५५ − ३५) ÷ ३२, म्हणजे सुमारे ०.६ अंश प्रति वॅट. हा आकडा पंख्याशिवाय गाठायला फारच मोठं ॲल्युमिनियम लागेल. मध्यम आकाराचा पंखांचा हीटसिंक आणि त्यावर १२ व्होल्टचा पंखा, हे सोपं उत्तर.

आता चिपचं तापमान काढू. प्रत्येक एलईडीची उष्णता १.३५ वॅट, चिपपासून हीटसिंकपर्यंतचा रोध १० अंश प्रति वॅट धरला तर चिप साधारण ६९ अंशांवर राहील. ठीक आहे. पण २ अंश प्रति वॅटचा लहान हीटसिंक लावला आणि पंखा विसरलात, तर हीटसिंक ९९ आणि चिप ११२ अंशांवर! दिवा लगेच जळणार नाही, पण उजेड घटत जाईल आणि आयुष्य कमी होईल.

टाकीचं पाणी २५ ते २७ अंश हवं. तापलेलं पाणी आणि प्रखर प्रकाश एकत्र आले की प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. समुद्रात तर नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा १ अंश जास्त काही आठवडे टिकलं, तरी हे घडू शकतं. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने काढून घेता येते, हा मेटल हॅलाइडच्या तुलनेत त्याचा मोठा फायदा; पण तो फायदा हीटसिंक नीट असेल तरच!

जोडणी

१. एलईडीच्या पाठीला थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर द्या. जाड थर उष्णता अडवतो.
२. माळ जोडल्यावर मल्टिमीटरने प्रत्येक टोक आणि हीटसिंक यांच्यात शॉर्ट नाही ना, ते तपासा.
३. ड्रायव्हर आधी चालू करून मग माळ जोडू नका. त्याचे कपॅसिटर पूर्ण व्होल्टेजला भरलेले असतात. एका क्षणात बाराही एलईडी जातील.
४. खाली ३ मिमी ॲक्रिलिकचा पत्रा लावा. खाऱ्या पाण्याचे तुषार सोल्डरिंग खाऊन टाकतात.
५. वायरला सॉकेटच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. खारं पाणी आणि २३० व्होल्ट यांच्यात चेष्टा नको. (हॉस्टेलवर असाल तर रेक्टर सरांची परवानगी हा सहावा मुद्दा समजावा.)

सुरुवातीला दिवा ३० टक्क्यांवर, दिवसाला सहा तास. मग दर आठवड्याला थोडं वाढवत आठ-नऊ तासांपर्यंत न्या. रंग फिका पडू लागला, तर प्रकाश लगेच कमी करा.

आणि प्रवाळ?

आता राहिलेला प्रश्न. भारतात सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. म्हणजे कायद्याच्या लेखी हा वाघाच्या बरोबरीचा जीव! मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात २०२० साली हाजी अली आणि वरळी इथल्या १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तर त्यासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. तेव्हा किनाऱ्यावरून तुकडा तोडून आणणं किंवा ‘मिळतंय’ म्हणून विकत घेणं हा छंद नाही, गुन्हा आहे.

मग दिव्याचं काय करायचं? टाकीत समुद्री शैवाल वाढवा. कॉलर्पासारखं शैवाल याच प्रकाशात वाढतं, पाण्यातलं नायट्रेट शोषून घेतं, आणि आपली आकडेमोड बरोबर आली की नाही हे दोन-तीन आठवड्यांत दाखवून देतं. कठीण प्रवाळाचंच काम करायचं असेल, तर सागरी जीवशास्त्राच्या एखाद्या परवानगी असलेल्या संस्थेला गाठा. तिथे जीवशास्त्रज्ञ असतील, पण हीटसिंकचं गणित करणारा माणूस त्यांनाही हवाच असतो. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी जरूर विचार करावा.