जोडीदार गेल्यावर ससा का खात नाही?

प्रश्न : आमच्याकडे सशांची जोडी होती. मागच्या महिन्यात मादी एका रात्रीत गेली. त्यानंतर नर दोन दिवस कोपऱ्यात बसून होता, आवडीच्या मेथीलाही तोंड लावलं नाही. आता थोडंथोडं खातो, पण पूर्वीसारखा बागडत नाही. मुलगी म्हणते, त्याला तिची आठवण येते. ससा खरंच शोक करतो का? की तोही आजारी आहे? अशा वेळी घरी काय करावं?
– एक वाचक, मंचर

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ससा एकट्याने राहणारा प्राणी नाही. एकमेकांना चाटणं, अंगाला अंग लावून झोपणं हे जोडीचं रोजचं जगणं असतं. त्यातला एक गेला की मागे राहिलेला त्याला शोधतो, गप्प बसतो. एखादा चिडका होतो, एखादा माणसाला जास्तच चिकटतो. त्याच्या मनातलं मोजता येत नाही, पण हे वागणं ससे पाळणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मी त्याला शोकच म्हणेन. मुलीचं बरोबर आहे, तिला तसं जरूर सांगा.

मात्र ‘दुःखात आहे, खाईल आपणहून’ म्हणून सशाला सोडून दिलं तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, आणि ते चालवतो चारा, म्हणजे त्यातला चोथा. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, पोट दुखतं आणि दुखतंय म्हणून तो आणखीच खात नाही. सशाला उलटीही करता येत नाही. म्हणून बारा तास खाणं नाही किंवा लेंड्या नाहीत, तर थेट पशुवैद्य गाठायचा. तुमचा ससा दोन दिवसांनंतर सावरला, पण पुढच्या वेळी तेवढी वाट पाहू नका.

लेंड्यांकडे रोज सकाळी लक्ष द्या. ससा दुखणं लपवतो, कारण शिकार होणाऱ्या प्राण्याला कमजोरी दाखवून चालत नाही. लेंड्या मात्र खरं सांगतात. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या आणि भरपूर असतात. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या, तर आत काहीतरी बिघडतंय. पाठीला कुबड काढून बसणं, दात करकर वाजवणं, कान गार पडणं ही पुढची लक्षणं. तो स्वतःच्या काही मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो, त्याने घाबरू नका. त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात.

‘तोही आजारी आहे का’ हा तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. मादी एका रात्रीत का गेली, हे आधी शोधायला हवं. दोघांचा चारा एक, पाणी एक, पिंजरा एक. मंचरच्या आसपास मेथी-कोथिंबिरीला तोटा नाही, पण ताज्या फवारणीची जुडी सशाला घालू नका. बुरशी लागलेला चारा नको. उन्हाळ्यात पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे मृत्यूच, कारण सशाला माणसासारखा घाम येत नाही. आणि भीती! अंगणात रात्री कुत्रं, मांजर, आणि आपल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यासुद्धा येतो. तो पिंजऱ्याला शिवला नाही तरी नुसत्या चाहुलीने ससा खाणं सोडू शकतो. रात्री पिंजरा घरात घ्या.

खाण्यात मुख्य हवं ते गवत. हरळी, वाळलेलं गवत चोवीस तास समोर असू द्या. दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. गाईंसाठी लावलेला लसूणघास मोठ्या सशाला रोज भरपूर घालू नये, त्यात कॅल्शियम फार असतं. पोळी, भात, बिस्किट, दूध अजिबात नको. आजारी असताना पाण्याची नळी असली तरी शेजारी वाटीही ठेवा. अंग गार लागलं तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला द्या, पण त्याला सरकून दूर जाता यायला हवं. सिरिंजने पातळ भरवायचं ते डॉक्टरांनी पोट तपासून सांगितल्यावरच, तोंडाच्या बाजूने, थोडं थोडं, त्याला कधीही उताणं न करता.

औषधाच्या बाबतीत मी कळकळीने सांगतो, घरातलं काही देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलीन माणसाला चालतं, सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून ते सशाचाच जीव घेऊ शकतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं गोचिडाचं औषधही त्याला विषारी. गाई-म्हशींच्या डॉक्टरांना सशांचा अनुभव असेलच असं नाही, म्हणून फोनवरच ‘ससे पाहता का?’ असं विचारा. नसतील तर पुण्यात लहान व विदेशी प्राणी पाहणारा दवाखाना आधीच हेरून ठेवा. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही लक्षात असू द्या.

एक जण गेला आणि आजार संसर्गाचा नसल्याची खात्री असेल, तर दुसऱ्याला थोडा वेळ त्या देहाजवळ राहू द्यावं. तो हुंगतो, ढोसतो, मग दूर होतो. असं केल्यावर शोधाशोध कमी होते, असा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पुढचे काही दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसा. मुलीलाही बसू द्या, दोघांनाही बरं वाटेल. पुरताना खड्डा खोल घ्या, कुत्री उकरतात.

नवा जोडीदार लगेच आणू नका. आणाल तेव्हा किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, मग जाळीच्या दोन बाजूंना, मग दोघांनाही अनोळखी जागेत थोडा थोडा वेळ एकत्र. अनोळखी ससे एकमेकांना फाडतात. नर-मादी असतील तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. आणि ऊसतोडीत सापडलेलं रानसशाचं पिल्लू जोडीला आणायचा मोह टाळा. रानससा ही वेगळी प्रजाती, पाळीव सशाशी तिची जोडी जमत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, घरी पाळणं गुन्हा ठरतो. पिल्लू एकटं दिसलं तरी सहसा पोरकं नसतं, आई दिवसा दूर राहून पाजायला परत येते. त्याला फडाच्या कडेला आडोशाला तिथेच राहू द्या.