‘अँगर’ म्हणजे नुसता राग नव्हे

शिरगावच्या जत्रेस न आलेल्या पुतण्याला आम्ही एकदा इंग्रजीत पत्र लिहिले. सून लंडनला वाढलेली, तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हा खटाटोप. काकी रुसली आहे, एवढेच कळवायचे होते. शब्दकोश उघडला आणि ‘काकी इज व्हेरी अँग्री वुइथ यू’ असे लिहून मोकळे झालो. पुढे वर्षभर तिकडून ओळ नाही. रुसलेल्या माणसाची समजूत काढावयाची असते, ‘अँग्री’ माणसापासून लोक लांब राहतात, हा भेद आम्हांस उशिरा कळला. घरोघरची मुले आता इंग्रजीत शिकत आहेत, म्हणून त्या एका शब्दाचा पाठ येथे देत आहोत.

‘अँगर’ इंग्रजीत आला तो उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून. तेथे त्याचा अर्थ दुःख, शोक असा होता. मूळ धातूत आवळणे, कोंडणे हा भाव आहे. लॅटिनमधील गळा आवळण्याचे क्रियापद त्याचे भावंड, आणि आपल्या संस्कृतातील ‘अंहस्’ म्हणजे संकट हा शब्दही याच कुळातला. जुन्या इंग्रजी लिखाणात ‘अँगर’ म्हणजे क्लेश असाही अर्थ सापडतो. लाल होऊन सुजलेल्या जखमेला इंग्रज आजही ‘अँग्री’ म्हणतात, ती याच अर्थाची खूण.

आमच्या ‘रागा’ची वाट निराळी. संस्कृतात राग म्हणजे रंग, आणि प्रीतीही. ‘अनुराग’ त्यातूनच झाला. मराठीने व कोकणीने मात्र तो संतापाला दिला. (भैरव राग ऐकून कोणी भांडावयास उठत नाही, ही गोष्ट वेगळी!) शिवाय आपल्याकडे राग बाहेरून येतो: ‘मला राग आला’, ‘म्हाका राग आयलो’. इंग्रजीत माणूस स्वतःच ‘अँग्री’ होतो. म्हणून ‘अँगर केम टू मी’ असे मुलांनी लिहू नये.

आता उदाहरण घरचेच घेऊ. श्री लईराई देवीने भाऊ खेतोबाला विस्तव आणावयास धाडले, तो वाटेत खेळत रमला, देवीने रागाच्या भरात त्याला लाथ मारली व मागाहून पश्चात्तापाने ती अग्नीतून चालली, अशी कथा सांगतात. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून जातात ते त्याच स्मरणाने. येथे देवी खेतोबावर ‘अँग्री वुइथ’, आणि उशिराबद्दल ‘अँग्री ॲट’ किंवा ‘अबाउट’. माणसापुढे ‘वुइथ’, गोष्टीपुढे ‘ॲट’ वा ‘अबाउट’ लावावा. गावावर देवीचा कोप झाला, असे म्हणावयाचे तर ‘अँगर’ थिटा पडतो. तेथे ‘रॉथ’ शोभतो. लाथ उचलली त्या क्षणाला ‘रेज’ म्हणावे.

‘रेज’चा मूळ शब्द लॅटिन ‘राबिएस’, म्हणजे पिसाळणे. कुत्र्याच्या रोगाचे नावही त्यातूनच आले. गोव्यातील वडीलधाऱ्या मंडळींस पोर्तुगीज ‘राय्वा’ आठवत असेल. त्याचा अर्थ संतापही, आणि तो रोगही. आपणही ‘तो पिसाळला’ म्हणतोच. खाणींमुळे विहिरी आटल्याची तक्रार लिहिताना कोणी ‘रेज’ लिहिल्यास वाचणारा अधिकारी अर्जदारालाच दोष देईल. तेथे ‘ग्रीव्हन्स’ लिहावे. त्यात दुःख आहे, आणि गाऱ्हाणेही.

रुसण्याला इंग्रजीत नेमका शब्द नाही. ‘सल्क’ आहे, पण त्यात हेटाळणी डोकावते, काकीला तो लावण्याचे धैर्य आम्हांस नाही. पुढल्या पत्रात आम्ही ‘काकी मिस्ड यू ॲट द जत्रा’ एवढेच लिहिले आणि जत्रेतल्या सुकलेल्या मोगरीच्या दोन कळ्या पाकिटात घातल्या. उत्तर सुनेच्याच हातचे आले.