फुली, काठी आणि कलम 11



पुनर्वसनाचे कागद घेऊन सोसायटीत येणारे बरेच जण एकाच जागी अडतात. कलमाचा आकडा वाचता येत नाही, कारण तो रोमन असतो. नर्मदा जलविवाद लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर 1979 मध्ये इंग्रजीत निघाला आणि त्यातली कलमं रोमन आकड्यांतच आहेत. कुक्षी, निसरपूर, चिखल्दा पट्ट्यातल्या बुडितातल्या घरांचं काम पडतं ते कलम 11 शी. म्हणून आज हे आकडे शिकू.

उभी काठी म्हणजे 1. फुली म्हणजे 10. फुली मधोमध आडवी कापली की वरचा अर्धा भाग उरतो, तो इंग्रजी व्ही म्हणजे 5. दहाचे निम्मे पाच!

आता काठी कुठल्या बाजूला आहे ते बघा. उजवीकडे असेल तर मिळवायची, डावीकडे असेल तर वजा करायची. व्हीनंतर काठी म्हणजे 6, व्हीआधी काठी म्हणजे 4. फुलीनंतर काठी 11, फुलीआधी काठी 9. सलग काठ्या तीनच. (काही घड्याळांत 4 साठी चार काठ्या दिसतात. ती घड्याळवाल्यांची रीत, अर्जात चालवू नका.)

निवाड्यातलं कलम 9 मध्य प्रदेशाने सरदार सरोवरासाठी पाणी सोडण्याबद्दल आहे. बुडीत, भूसंपादन आणि पुनर्वसन कलम 11 मध्ये. काठी चुकीच्या बाजूला पडली की घराचा अर्ज पाण्याच्या हिशेबात गेला म्हणून समजा.

कलम 11 च्या पोटात परत रोमन उपकलमं आहेत. उपकलम 1 मध्ये कुटुंब कोणाला म्हणायचं ते दिलंय. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब, हे तिथलंच. (सज्ञान मुलीचं नाव नाही, हे आम्हाला खटकतं.) उपकलम 4 पुनर्वसनाचं. त्यापुढे कंसात साधा 7 असेल तर तो शेतजमिनीचा: 25 टक्क्यांहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला कमीत कमी 2 हेक्टर ओलिताची जमीन. ज्यांच्याकडे फक्त होडी आणि जाळं होतं, त्यांनी हा 7 लिहून उपयोग नाही.

लिहिताना काठीला वर-खाली छोटी आडवी रेघ द्या, नाहीतर ती पूर्णविरामाचा दंड वाटते. शेजारी अक्षरात 'अकरा' लिहा.

सराव: फुली, मग काठी, मग व्ही. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाची व्यवस्था ह्याच कलमात आहे. आकडा कोणता ते घरी मुलांकडून लिहून घ्या आणि सोसायटीत येताना घेऊन या.