वळवणचा महसीर

बोरघाट चढून वर आले, की लोणावळ्याजवळ वळवणचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. मावळात कोसळणारा पाऊस येथे साठविला जातो. हे पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीस नेतात आणि १९१५ पासून तेथे त्याच्या जोरावर वीज निर्माण होते. या जलाशयाच्या काठी आणखी एक मोलाचे काम होत आले आहे. ते म्हणजे महसीर माशाची जोपासना होय.

महसीर हा आपल्या नद्यांचा राजा. मोठे चकचकीत खवले, जाड ओठ आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे सामर्थ्य ही त्याची लक्षणे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडलेल्या या माशाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले. पुढे धरणांनी त्याच्या वाटा अडविल्या, नद्या मलिन झाल्या, सुरुंग लावूनही मासे मारण्यात आले. महसीर दुर्मिळ होऊ लागला. तेव्हा १९७०च्या सुमारास टाटा वीज कंपनीने वळवण येथे त्याची अंडी उबविण्यास आरंभ केला.

हे काम सोपे नव्हते. रोहूची मादी लाखो अंडी घालते आणि उबदार पाण्यात ती एका दिवसाच्या आत फुटतात. महसिराची अंडी त्या मानाने फार थोडी. ती जड असल्यामुळे तळाशी बसतात व फुटण्यास सुमारे तीन-चार दिवस घेतात. पिले बाहेर आल्यावरही काही दिवस कोपऱ्यात निपचित पडून राहतात. या काळात पाणी तापले किंवा साचून राहिले, तर सारे श्रम वाया जातात. म्हणून पावसाळ्यात अंडी मिळवून त्यांवरून स्वच्छ, गार पाणी सतत वाहते ठेवतात.

पाण्याच्या उष्णतामानास एवढे महत्त्व का? कडाक्याच्या थंडीतही मनुष्याचे शरीर उष्ण राहते. माशाचे तसे नाही. पाणी जितके गार वा उष्ण, तितकेच त्याचे शरीर. पाणी गार झाले, की त्याचे पचन मंदावते व भूक कमी होते. अशा वेळी टाकलेले जादा खाद्य कुजून पाणी नासते. पाणी उबदार झाले, की भूक व वाढ दोन्ही वाढतात. परंतु त्यासही मर्यादा आहे. २० अंश उष्णतामानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना केवळ साडेसात. म्हणजे माशाची गरज वाढते, नेमका तेव्हाच पुरवठा घटतो!

खारेपणाचीही गोष्ट अशीच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. माशाच्या रक्तातील क्षार या दोहोंच्या मध्ये. म्हणून नदीतील माशाच्या अंगात पाणी सारखे शिरते. ते बाहेर टाकून त्याला कल्ल्यांच्या साहाय्याने क्षार राखावे लागतात. समुद्रातील माशास याच्या उलट पाणी राखावे लागते. या कामास शक्ती लागते आणि ती अन्नातूनच येते. न मानवणाऱ्या पाण्यात माशाचे अन्न वाढीऐवजी या झगड्यातच खर्ची पडते.

खोपोलीस वीज देऊन वळवणचे पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीस मिळते. तेथील खाऱ्या पाण्यात महसिराचा टिकाव लागत नाही. जिताडा मात्र खाडीत वाढतो, आणि रायगड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्याची पिले गोड्या तळ्यांत सोडली, तर तेथेही तो पोसतो. प्रत्येकाची घडण निराळी!

वळवणची पिले दूरदूरच्या जलाशयांत सोडली गेली. परंतु पिलू सोडले म्हणजे काम संपले, असे नाही. ज्याला मासा वाचवावयाचा आहे, त्याने आधी त्याचे पाणी राखले पाहिजे.

स्वाध्याय

१. महसिराची अंडी उबविणे कठीण का आहे?
२. थंडीत माशांना कमी खाद्य का द्यावे?
३. तुमच्या गावाजवळच्या नदीत किंवा तळ्यात कोणते मासे आढळतात, याची माहिती मिळवा.