स्मृतिभ्रंश, रेकी आणि सांभाळणारे हात

म्हाताऱ्या माणसास विसर पडूं लागला म्हणजे आपल्याकडे ‘वय झालें’ एवढें बोलून विषय मिटवितात. डॉ. विक्रम पटेल व डॉ. मार्टिन प्रिन्स यांनीं गोव्यांतील लोकांचीं मतें विचारून २००१ सालीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यांतहि हेंच दिसून आलें. लक्षणें लोकांच्या ओळखीचीं होतीं, पण हा एक रोग आहे असें ते समजत नव्हते. या रोगाला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. आपण स्मृतिभ्रंश म्हणूं. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार अल्झायमरचा. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरानें १९०६ सालीं तो प्रथम वैद्यांच्या सभेपुढें मांडला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून भारतांत साठीच्या पुढील शंभर माणसांत सातांहून अधिक जणांना हा विकार असावा, म्हणजे एकूण सुमारें ८८ लाख लोकांना.

चष्मा कोठें ठेवला हें विसरणें निराळें, आणि चष्मा कशासाठीं असतो हेंच विसरणें निराळें. नुकताच जेवून उठलेला माणूस ‘मला कोणी जेवायला घालीत नाहीं’ म्हणून शेजारीं सांगत सुटतो आणि सून फुकट बदनाम होते. संध्याकाळ झाली कीं स्वतःच्याच ओसरीवरून ‘घरीं जातों’ म्हणून उठतो व दोडामार्गच्या रस्त्याला लागतो. हा हट्ट नव्हे, सोंगहि नव्हे. मेंदूच्या पेशी झिजल्याचा हा परिणाम आहे.

परंतु प्रत्येक विसर हा स्मृतिभ्रंश नसतो. थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावणें, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची दीर्घ उदासी यांनींहि विसर पडतो, आणि हीं कारणें उपचारानें सुधारतात. म्हणून कोणताहि अन्य उपाय करण्यापूर्वीं डिचोलीच्या सरकारी दवाखान्यांत दाखवावें. जरूर पडल्यास बांबोळीस मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तेथें गेल्यानें माणूस ‘पिसो’ ठरत नाहीं.

आतां रेकीविषयीं. जपानांतील मिकाओ उसुई यांनीं १९२२ सालीं ही पद्धत शिकवावयास आरंभ केला. पुढें हावायो ताकाता या बाईंनीं ती हवाई बेटांत नेली व तेथून ती जगभर पसरली. हातांतून प्राणशक्ति वाहते असें तिचे शिक्षक सांगतात. अशी शक्ति मोजून कोणी दाखविलेली नाहीं. स्मृतिभ्रंशावर तिचे जे प्रयोग झाले ते थोडे व अगदीं लहान आहेत. गेलेली स्मृति तिनें परत येते असें त्यांवरून म्हणतां येणार नाहीं. भरमसाट फी घेऊन ‘औषधें बंद करा’ असें सांगणारा कोणी आला तर त्यास दारांतूनच परत पाठवावें, मग तो कितीहि गोड बोलो.

मग उरतें काय? उरतो हात. आमच्या घरांतून आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून दुवा पढतात, शेजारीं अंगारा लावतात, पलीकडे कपाळावर क्रूस काढतात. श्रद्धा निराळ्या, पण हाताची ऊब एकच. शाळेंत आम्ही नेहमीं पाहतों कीं मूल धडा विसरतें, पण मास्तर रागावले होते हें विसरत नाहीं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचेंहि पुष्कळसें असेंच आहे. कोण आलें होतें तें तो विसरेल. तें माणूस प्रेमानें बसलें होतें कीं चिडून, याची छाया मात्र त्याच्या मनावर बराच वेळ राहते.

रेकी करणारे रुग्णाचें डोकें, खांदे, पोट यांवर क्रमानें हात नुसता टेकवितात. दाबीत नाहींत, चोळीत नाहींत. घरीं करावयाचें तर पूर्ण तासाची बैठक नको, दहा-पंधरा मिनिटें पुरेत. रुग्ण आपल्या नेहमींच्या खुर्चींत, अंगावर नेहमींचे कपडे, रेडिओ व टी. व्ही. बंद. समोरून यावें, पाठीमागून एकदम हात लावल्यास तो दचकतो, प्रसंगीं मारतो. ‘बाबा, खांद्यावर हात ठेवूं का?’ असें दर वेळीं विचारावें, काल विचारलें होतें म्हणून आज सोडूं नये. त्यानें हात झटकला तर तो नकार समजावा. रोजची वेळ एकच ठेवावी. तगमग वाढते त्या संध्याकाळच्या थोडें आधीं केल्यास बरें. एकाएकीं भ्रम वाढला, ताप आला, लघवीस जळजळ होऊं लागली, तर मात्र हात टेकवीत न बसतां डॉक्टरांस बोलवावें.

आणि सांभाळणारीचें काय? ही बहुधा सून किंवा लेक. रात्रीं चारदां उठायचें, पहांटे चूल, दिवसभर तेच तेच प्रश्न, आणि वर पाहुण्यांचे उपदेश. तिच्यासाठीं गोव्यांतच एक मोलाचा प्रयोग झाला आहे. डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८१ कुटुंबें घेतलीं. त्यांपैकीं निम्म्या कुटुंबांकडे शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते सहा महिने जात राहिले. त्यांनीं रोग समजावून सांगितला, रुग्णाशीं कसें वागावें तें दाखविलें, घरच्यांचें ऐकून घेतलें. २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांभाळणाऱ्यांच्या मनाचा त्रास निश्चित कमी झाला होता. रुग्णांत तितका स्पष्ट फरक दिसला नाहीं. आमच्या मतें रेकीचाहि खरा उपयोग असलाच तर तो येथें, सांभाळणारीसाठींच आहे. निजण्यापूर्वीं स्वतःच्या छातीवर व पोटावर हात ठेवून दहा मिनिटें संथ श्वास घेत पडावें असें ती पद्धत सांगते. त्यास पैसा लागत नाहीं.

पण हीं दहा मिनिटें तिला मिळणार कशीं? ज्या घरीं असा रुग्ण आहे तेथें आपल्या सभासदांपैकीं एकानें आठवड्यांतून एका दुपारीं दोन तास जाऊन बसावें, रेकी येवो वा न येवो. त्या वेळांत तिनें डिचोलीच्या बाजारास जावें, माहेरीं फोन करावा, नाहींतर नुसतें झोंपावें. बसणाऱ्यानें जातांच विहिरीकडचें दार लावून घ्यावें, आणि रुग्णाच्या खिशांत नांव, वाडा व घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे कीं नाहीं तें पाहावें.