मत्स्यालयात मासे केव्हा सोडावेत?

शाळेत मोठे मत्स्यालय करायचे असेल, तर आधी थोडे गणित करा. १२० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद व ४५ सें.मी. उंच टाकीत काठोकाठ २४३ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन २४३ किलोग्रॅम! म्हणून टाकी भक्कम, सपाट ओट्यावरच ठेवा.

तळाशी धुतलेली वाळू पसरून पाणवनस्पती लावा. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून, त्यातील क्लोरीन उडून गेल्यावर भरा. गाळणी व हवेचा पंप सुरू करा. पाणी नितळ दिसले तरी मासे सोडण्याची घाई नको. का बरे?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. नदीत तो वाहून जातो. टाकीत साचतो आणि माशांनाच मारतो. वाळूवर व गाळणीत वाढणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्यापासून पुष्कळच कमी घातक असे नायट्रेट बनवतात. ही जीवाणूंची फौज उभी राहण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाका; ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळेल.

तपासणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, की प्रथम सहा झेब्रा मासे सोडा. इतर मासे दोन-दोन आठवड्यांनी, थोडे थोडे. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदला आणि गाळणीचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर काय बिघडेल? उत्तर वर आलेच आहे, शोधा पाहू!